नाल सापडली, घोडा शोधतोय

एका माणसाला रस्त्यात घोड्याची नाल सापडली. ती घेऊन तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, "अगं, आता फक्त तीन नाला आणि एक घोडा मिळाला की झालं!" ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेली आहे आणि त्या गृहस्थाला पोटभर हसलेलोही आहोत. आपल्याकडे अशा माणसाची गोष्ट होते. अमेरिकेत त्याचा क्लब होतो.

थट्टा नाही. १९६५ साली तिथे जुन्या आउटबोर्ड मोटरी जमवणाऱ्यांचा क्लब निघाला आणि तो अजून चालू आहे. आउटबोर्ड मोटर म्हणजे होडीच्या मागच्या फळीला शिकंज्यासारखी आवळून बसवायची मोटर. वर इंजिन, खाली पाण्यात पंखा, मध्ये दांडा. आपल्या कोळीवाड्यांत हल्ली ती सर्रास दिसते. काम झालं की काढायची, खांद्यावर टाकायची आणि घरी न्यायची. म्हणजे मोटर घरी, होडी पाण्यात. या एका सोयीमुळे पुढे किती संसारांत गैरसोय झाली त्याची ही हकिगत आहे.

आता बँकेच्या काउंटरवर बसून नोटा मोजणाऱ्या आणि पाण्यात गुडघ्यापलीकडे कधी न गेलेल्या माणसाचा या विषयाशी काय संबंध, असं तुम्ही विचाराल. संबंध दोन. एक, मी कॉमर्सचा पदवीधर आहे. कुठल्याही वस्तूची किंमत दरसाल कशी घटत जाते हे पाहण्यात मला जो आनंद मिळतो, तो इतरांना सूर्यास्त पाहून मिळतो. आणि दोन, माझा भाचा विस्कॉन्सिनमध्ये, मिल्वॉकी शहराच्या बाहेर राहतो. त्याच्या शेजारच्या आजोबांनी त्याला एक नाल दिली.

हे आजोबा नव्वदीला टेकलेले. थंडीच्या दिवसांत भाचा त्यांच्या दारातला बर्फ फावड्याने उपसून देतो. त्या उपकाराची फेड म्हणून त्यांनी एक दिवस त्याला तळघरात नेलं आणि जुन्या रजईत गुंडाळलेली एक मोटर दाखवली. १९५० च्या आसपासची, मर्क्युरी कंपनीची, केजी-७ जातीची, 'हरिकेन' नावाची. आजोबांनी ऐन विशीच्या आत तिच्यावर शर्यती मारल्या होत्या. "घेऊन जा," ते म्हणाले, "पण एक अट आहे. एकदा पाण्यावर पळवून मला तिचा आवाज ऐकव. आणि लवकर कर. तिला घाई नाही, मला आहे."

आमच्या भाच्याने 'हो' म्हटलं. बर्फ उपसणाऱ्या मुलांना 'नाही' म्हणता येत नसतं. मग त्याने रविवारी सकाळी मला फोन लावला. "मामा, मोटर फुकट मिळाली. आता फक्त होडी बघायची आहे."

मी शेजारी बसलेल्या सौभाग्यवतींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "फुकट मिळालेली वस्तू सगळ्यांत महाग." गेली बावीस वर्षं मी बँकेत आहे, कर्जखात्यावर इतका नेमका शेरा मी एकाही मॅनेजरच्या हातचा पाहिलेला नाही.

या मोटरीचा जन्मही एका बाईच्या इच्छेतूनच झाला म्हणतात. ओल एव्हिनरूड हा १८७७ साली नॉर्वेत जन्मलेला, पाच वर्षांचा असताना आईबापांबरोबर विस्कॉन्सिनला आलेला. पुढे मिल्वॉकीत तो यंत्रांचे नमुने बनवण्याचं काम करी. १९०६ सालच्या ऑगस्टात तो ओकॉची नावाच्या तळ्यावर सहलीला गेला होता. बरोबर बेस कॅरी नावाची तरुणी होती, तिच्याशी लग्न करायचा त्याचा विचार होता. उकाडा मरणाचा. बेसला आइसक्रीम खावंसं वाटलं. आइसक्रीम पलीकडच्या काठाला. ओल होडीत बसला, वल्हवत अडीच मैल गेला, आइसक्रीम घेतलं, वल्हवत परत आला. आइसक्रीमचं काय झालं असेल हे ज्याने मे महिन्यात बाजारातून घरापर्यंत कुल्फी आणलेली आहे त्याला सांगायला नको.

तुमच्याआमच्यासारखा माणूस असता तर "बाजूला बसून सरबत पी" म्हणाला असता. ओल घरी गेला आणि मोटर बनवायला बसला. तोवर होडीला बाहेरून लावायच्या मोटरी नव्हत्या असं नाही. डेट्रॉइटच्या कॅमेरॉन वॉटरमन नावाच्या गृहस्थाने त्याआधीच एक काढली होती, आणि 'आउटबोर्ड मोटर' हा शब्दही त्याचाच मानतात. पण खपणारी, चालणारी, गिऱ्हाइकाने शेजाऱ्याला दाखवावी अशी मोटर ओलची. बेसने ती पहिल्यांदा पाहिली आणि म्हणाली, हे तर कॉफी दळायचं यंत्र दिसतंय! तोवर दोघांचं लग्न झालेलं होतं हे वेगळं सांगायची गरज नाही.

१९०९ साली ओलने ती एका मित्राला वापरायला दिली. मित्र परत आला तो दहा मोटरींची मागणी घेऊनच. त्या पहिल्या मोटरीची शक्ती दीड अश्वशक्ती, वजन ६२ पौंड आणि किंमत ६२ डॉलर. पौंडाला एक डॉलर! भाजीवाल्याने भेंडी तोलावी तशी मोटर. किंमत ठरवण्याच्या ज्या पद्धती आम्हांला बी.कॉम.ला शिकवल्या त्यांत ही नव्हती, पण हिच्याइतकी समजायला सोपीही एक नव्हती.

धंद्याचे हिशेब आणि पत्रव्यवहार बेस बघे. जाहिरातही तिनेच लिहिली: वल्हवू नका, वल्ही फेकून द्या, अशा अर्थाची. मागणी इतकी वाढली की बेसची तब्येत बिघडली. ओलने सरळ आपला हिस्सा भागीदाराला विकला, पाच वर्षं या धंद्यात पडणार नाही असं लिहून दिलं आणि बायकोला घेऊन हिंडायला निघाला. हातात आलेला चालता धंदा बायकोच्या तब्येतीसाठी सोडणारा हा माणूस मला त्याच्या मोटरीपेक्षा जास्त आवडतो. हे मी घरी वाचून दाखवलं तेव्हा "शिका काहीतरी" एवढीच प्रतिक्रिया आली.

पाच वर्षं संपल्यावर त्याने ॲल्युमिनियमची हलकी, दोन सिलिंडरची मोटर काढली आणि आधी जुन्या भागीदारालाच देऊ केली. त्याने नको म्हटलं. मग नवराबायकोने 'एल्टो' नावाची नवी कंपनी उभी केली. तोवर जॉन्सन नावाचे भाऊही या धंद्यात उतरले होते. १९२६ साली त्यांनी सहा अश्वशक्तीची मोटर आणली आणि तिथून गोष्टीला वेगळं वळण लागलं. तोवर मोटर म्हणजे वल्ह्याला पर्याय होता. आता होडी पाण्यातून वर उठू लागली.

इथे थोडं शास्त्र सांगणं भाग आहे. कंटाळा आला तर एक परिच्छेद सोडून द्या, मीही पहिल्या वाचनात सोडला होता.

साधी होडी पाणी बाजूला ढकलत जाते. गर्दीच्या लोकलमधून उतरणाऱ्या माणसासारखी. जितका जोर जास्त, तितकी समोरची लाट मोठी, आणि मग सगळा जोर त्या लाटेशी झगडण्यातच जातो. यावर उपाय एकच, गर्दीत शिरायचंच नाही, गर्दीच्या डोक्यावरून जायचं. चपटी खापरी तिरकी फेकली की पाण्यावर टप्पे घेत जाते, तसं. हा विचार सगळ्यांत आधी कागदावर मांडणाऱ्यांत इंग्लंडमधले एक पाद्री होते, रेव्हरंड रेमस. १८७२ साली त्यांनी थेट आरमाराला कळवलं की जहाजाचा तळ पायरीसारखा दोन टप्प्यांत केला तर ते पाण्यावरून घसरत जाईल. आरमाराने विल्यम फ्रूड या मोठ्या तज्ज्ञाकडून नमुना तपासून घेतला. निष्कर्ष असा की कल्पना ठीक, पण इतका वेग देणारं हलकं इंजिनच जगात नाही. पाद्रीबोवांचं गणित बरोबर होतं, फक्त त्यांना उत्तराच्या आधी तीसेक वर्षं प्रश्न सुचला. पेट्रोलचं इंजिन आल्यावर पायरीच्या तळाच्या होड्या खरोखरच धावू लागल्या. त्यांचं नाव हायड्रोप्लेन.

१९३० नंतरच्या दशकात न्यू जर्सीतल्या व्हेंटनर या कारखान्यात एपल बापलेकांनी त्यात आणखी एक सुधारणा केली. होडीच्या पुढच्या बाजूला दोन बगलांत दोन छोटे तरंगते पाय काढले. त्यांना स्पॉन्सन म्हणतात. आता भरधाव होडी पाण्याला तीनच ठिकाणी टेकते: दोन पाय पुढे आणि मागे शेपटीकडचा भाग, पंख्याजवळ. बाकी सगळी हवेत. सर माल्कम कॅम्बेल यांनी १९३९ साली 'ब्लूबर्ड'वर ताशी १४१ मैलांचा विक्रम केला तो अशाच तीन टेकूंच्या होडीवर. तीन पायांचं स्टूल डगमगत नाही हे आमच्या आजीलाही माहीत होतं. मात्र ती त्यावर बसून चुलीपुढे भाकऱ्या थापत असे, तळं ओलांडत नसे.

आता मर्क्युरीकडे वळू, कारण आजोबांची मोटर त्या घरातली. हा अध्याय वाचताना मला माझ्या कर्ज विभागातल्या टेबलाची आठवण झाली. कार्ल किकेफर नावाच्या माणसाने १९३९ च्या जानेवारीत विस्कॉन्सिनमधल्याच सीडरबर्ग गावात एक डबघाईला आलेला कारखाना विकत घेतला. त्याला बनवायची होती दुग्धव्यवसायाला लागणारी लोहचुंबकाची यंत्रं. पण कारखान्याबरोबर त्याच्या गळ्यात सुमारे तीनशे नादुरुस्त आउटबोर्ड मोटरी पडल्या. माँटगोमेरी वॉर्ड या मोठ्या पेढीने त्या चालत नाहीत म्हणून परत केलेल्या. आमच्या भाषेत शुद्ध बुडीत खातं. किकेफरने त्या खोलल्या, दुरुस्त केल्या आणि त्याच पेढीला विकल्या. पेढीने आणखी मागितल्या. पुढच्या वर्षीच्या न्यूयॉर्कच्या नौका प्रदर्शनात त्याच्या नव्या मोटरींना सोळा हजारांवर मागणी आली. चुंबकं बाजूला राहिली. बुडीत खात्यातून एवढी वसुली झालेली मी माझ्या आयुष्यात पाहिलेली नाही, आणि तीसुद्धा पाण्यात!

या किकेफरची एक सवय मोठी गमतीची. सगळे कारखानदार आपल्या मोटरीची शक्ती फुगवून सांगतात. हा कमी करून सांगे. आजोबांच्या केजी-७ वर दहा अश्वशक्ती असं लिहिलेलं. प्रत्यक्षात ती त्याहून कितीतरी जास्त देई. म्हणजे इतरांच्या दहाच्या मोटरीशेजारी याची दहाची मोटर लावली की ती सुसाट पुढे. उत्पन्न कमी दाखवून थाटात राहणारी खातेदार मंडळी मी पुष्कळ पाहिली आहेत, पण ती मंडळी शर्यतीत भाग घेत नाहीत.

आणि शर्यती तर तेव्हा जोरात होत्या. युद्धानंतर, १९४० च्या दशकाच्या अखेरीस, अमेरिकेत 'स्टॉक' शर्यतींची लाट आली. स्टॉक म्हणजे दुकानातून आणलेली मोटर, आहे तशी, साध्या पेट्रोलवर चालवायची. आत काही कोरायचं नाही, खास इंधन घालायचं नाही. त्यामुळे शेतकऱ्याचा पोरगाही श्रीमंताच्या पोराशेजारी उभा राहू शकला. मोटरी सिलिंडरच्या मापाने वर्गांत वाटलेल्या: पंधरा घनइंचांपर्यंत 'अ', विसांपर्यंत 'ब', चाळिसांपर्यंत 'ड'. आजोबांची मोटर वीस घनइंचांच्या किंचित आत, म्हणून 'ब' वर्ग. आपल्या हिशेबाने सव्वातीनशे सीसी. जुन्या दीडशे सीसीच्या स्कूटरवरून पडलेल्यांनी या आकड्याचा विचार करावा.

शर्यत सुरू करायची तऱ्हाही न्यारी. शर्यतीच्या मोटरीला खालचा गिअरचा भाग वेगळा, सडपातळ, 'क्विकसिल्व्हर' नावाचा. त्यात न्यूट्रल नाही. मोटर सुरू झाली की होडी निघालीच. म्हणून एक माणूस पाण्यात उभा राहून होडीची शेपटी धरून ठेवतो, चालवणारा गुडघ्यांवर बसून दोरी ओढतो, इंजिन पेटतं, आणि तो "सोड!" म्हणाला की धरणाऱ्याने सोडायची. नवरदेवाचा घोडा धरणाऱ्यासारखं हे काम. श्रेय शून्य, पण आधी सोडला तरी पंचाईत आणि उशिरा सोडला तरी. मग सगळ्या होड्या पळत पळतच सुरुवातीच्या रेषेकडे येतात. काठावर मोठं घड्याळ. काटा शून्यावर यायच्या आत ज्याने रेषा ओलांडली तो बाद. आमच्या मस्टरचा नियम नेमका उलटा आहे, आणि त्यात बाद झालेली माणसं बढती घेऊन निवृत्त झालेली आहेत.

एवढं सगळं कळल्यावर मी भाच्याला विचारलं, "अरे, मग लाव ना कुठल्याही होडीला! काठावर मासे धरायच्या होड्या पडल्यात की."

तो हसला. "मामा, ती त्या होडीला जागची हलवणार नाही."

कारण असं की शर्यतीच्या मोटरीचा पंखा लहान, दोन पात्यांचा, भरधाव वेगासाठी घडवलेला. जड होडीला लावला तर तो पाण्यात नुसता भोक पाडत गरगरतो. शिवाय मोटर बसवायची उंचीही वेगळी. आणि नव्या जमान्याची शर्यतीची होडी घ्यावी, तर ती बेतलेली नव्या मोटरींसाठी. उलट फार छोटी होडी घ्यावी तर नाकापेक्षा मोती जड होतो आणि होडी मागच्या मागे पालथी पडते. म्हणजे १९५० ची 'ब' वर्गाची मोटर आणि त्याच काळातली, त्याच वर्गाची, दहा-अकरा फुटी हायड्रोप्लेन, ही जोडीच जमायला हवी. पत्रिका जुळवणं याहून सोपं असतं. तिथे निदान छत्तीसपैकी अठरा गुण चालतात.

मग या होड्या गेल्या कुठे? मोटरी हजारोंनी शिल्लक आहेत. कुणाच्या गॅरेजात, कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या दिवाणखान्यात पितळ घासून ठेवलेल्या. त्यांच्या होड्या मात्र दुर्मिळ. सिड-क्राफ्ट, स्विफ्ट अशी ज्यांची नावं त्या काळी पोरांच्या तोंडी होती, त्यांतली एखादी धड सापडली तर मंडळी रात्री अपरात्री गाडी काढून निघतात. हे असं का व्हावं?

एक कारण प्लायवुडचं. १९३४ साली वॉशिंग्टन राज्यातल्या एका प्लायवुड कंपनीत जेम्स नेव्हिन या रसायनतज्ज्ञाने पाण्याने न सुटणारा सरस तयार केला आणि प्लायवुडच्या होड्या शक्य झाल्या. त्याआधीच्या पातळ होड्यांचा सरस ओल लागली की दगा देई. पण सरस टिकला तरी लाकूड ते लाकूड. शर्यतीच्या होडीत वजन हा शत्रू. म्हणून फळी पाव इंच किंवा त्याहूनही पातळ, बरगड्या बारीक. दोन माणसांनी सहज उचलून गाडीच्या टपावर टाकावी अशी. तिला बनवणाऱ्याचा हिशेब तीनचार हंगामांचा. त्यानंतर नवा आराखडा येणार आणि ही मागे पडणार. हिशेबाच्या वहीत तिची किंमत पाचव्या वर्षी शून्य. आणि शून्य किमतीची अकरा फूट लांब वस्तू घरात ठेवायला कुठल्या गृहिणीची परवानगी मिळेल? मोटर कोपऱ्यात मावते. होडीला कोपराच लागत नाही, अख्खी भिंत लागते.

आजोबांच्या होडीचंही तेच झालं. दोन वर्षं ते सैन्यात गेले. वडिलांना कोठारात ट्रॅक्टरला जागा हवी होती, म्हणून होडी बाहेर काढली. दोन हिवाळे तिच्यावर बर्फ साचला. मुलगा परत आला तेव्हा तळ हाताने उकलत होता. वडिलांनी सरपण केलं. आईने मात्र मोटर रजईत गुंडाळून तळघरात ठेवली होती. "बाबांवर रागावलात का?" भाच्याने विचारलं. आजोबा म्हणाले, "छे! ट्रॅक्टर महत्त्वाचा होता. दोन आठवडे बोललो नाही, एवढंच."

भाच्याचा शोध सुरू झाला. छोट्या जाहिराती पाहणं, क्लबातल्या म्हाताऱ्यांना फोन करणं, शनिवार-रविवार गाडी काढून हिंडणं. दर आठवड्याला मला वृत्तान्त येई. पहिली होडी सापडली ती एका बाईंच्या अंगणात; तिच्यात माती भरून झेंडूची रोपं लावलेली. झेंडू छान आला होता. दुसरी एका खाणावळीच्या छताला उलटी टांगलेली. मालक म्हणाला, विकीन, पण मग छताचं काय दाखवू? तिसरी चांगली होती. तिच्या मालकाने तिला इतकं घासूनपुसून नवं केलं होतं की ती पाण्यात घालायची कल्पना ऐकून त्याने भाच्याला चहासुद्धा विचारला नाही.

चौथी तीनशे मैलांवर एका कोठारात मिळाली. फुकट. "ने बाबा एकदाची," असं मालकाची सूनच म्हणाली. वरचं कॅनव्हास उंदरांनी खाल्लेलं, तळ असा मऊ की बोट दाबलं तर आरपार जावं. भाचा निराश होऊन फोनवर म्हणाला, "मामा, ही होडी नाही, होडीची आठवण आहे." पण ती गाडीवर टाकून त्याने घरी आणली आणि आजोबांना दाखवली. आजोबा तिच्याभोवती दोनदा फिरले. गुडघ्यांवर बसायच्या जागेवर हात फिरवला. मग म्हणाले, "पेन्सिल आहे का?"

तिच्या बरगड्या शाबूत होत्या. त्यांची मापं घेऊन नवी होडी बांधता येते हे आजोबांना ठाऊक होतं, कारण त्यांच्या तरुणपणी निम्मी मुलं तेच करत. 'पॉप्युलर मेकॅनिक्स'सारखी मासिकं तेव्हा असल्या होड्यांचे आराखडे छापत, आणि कॅलिफोर्नियातली ग्लेन-एल ही कंपनी १९५३ पासून घरी होडी बांधणाऱ्यांना आराखडे विकत आली आहे. आपल्याकडच्या मासिकांत तेव्हा लोकरीच्या स्वेटरचे नमुने येत; तिथे होडीचे. दोन उलटे, एक सुलटे, तीच तऱ्हा.

हिवाळाभर काम चाललं. आजोबा खुर्चीत, भाचा जमिनीवर. आमच्या सूनबाईंनी गॅरेजातून गाडी बाहेर काढली आणि चार महिने सकाळी तिच्यावरचा बर्फ खरवडला. (ट्रॅक्टरचा सूड बघा कसा उगवला!) मोटरीचं काम त्यामानाने किरकोळ. कॉइल आणि कंडेन्सर बदलले, कार्बुरेटर साफ केला, जुन्या स्कूटरला घालायचो तसं पेट्रोलात तेल मिसळलं, पिंपात उभी करून दोरी ओढली, आणि साठपासष्ट वर्षं मुकी असलेली ती बया सातव्या ओढीला अशी ओरडली की पलीकडच्या गल्लीतला कुत्रा दोन दिवस जेवला नाही. लोखंड आणि ॲल्युमिनियम. त्यांना काय होतंय! त्यांना आठवणीत ठेवायला एक रजई पुरते.

मध्यंतरी मी या मोटरींचं पुढे काय झालं ते वाचत होतो. १९५८ साली सिएटलच्या ह्यूबर्ट एन्ट्रॉपने मर्क्युरी लावलेल्या होडीवर ताशी १०७ मैलांचा विक्रम केला. ओलच्या आइसक्रीमपासून बावन्न वर्षांत! त्या वेगाने ते अडीच मैल दीड मिनिटाच्या आत कापले जातात. वितळायला वेळच नाही. ओल आणि बेस यांतलं काही पाहायला उरले नव्हते. ती १९३३ साली गेली, तो पुढच्याच वर्षी. त्यांची कंपनी जॉन्सनबरोबर एक होऊन खूप मोठी झाली आणि २००० साली दिवाळखोरीत गेली. नाव दुसऱ्यांनी घेतलं, आणि २०२० साली एव्हिनरूड मोटरी बनायच्या थांबल्या. बुडीत खात्यातून निघालेली मर्क्युरी अजून विस्कॉन्सिनमध्येच चालू आहे. आमच्या कर्ज विभागात हे वाक्य मी कुणाला सांगणार नाही, नाहीतर प्रत्येक थकबाकीदार किकेफरचा फोटो घेऊन येईल.

जूनच्या एका सकाळी सातच्या आत होडी तळ्यावर नेली. सातच्या आत अशासाठी की काठावरच्या बंगलेवाल्यांना आवाजाची कल्पना देऊन फक्त अर्ध्या तासाची परवानगी मिळाली होती. फोनवर आम्हांला सगळं दिसत होतं; इकडे संध्याकाळ, शेजारीपाजारी जमलेले, समोर कांदाभजी. होडी लाल. बाजूला आजोबांचा जुना नंबर पांढऱ्या रंगात. भाचा गुडघ्यांवर बसला, डोक्यावर शिरस्त्राण, अंगात तरंगायचं जाकीट.

शेपटी धरायला कोण, यावर आधी वाद झाला होता. आजोबांच्या मुलीने साफ नाही म्हटलं होतं. पाणी थंड, तळ निसरडा, वय नव्वद. शेवटी ती स्वतः त्यांच्या कमरेला हात घालून पाण्यात उभी राहिली, आणि आजोबा रबरी विजार घालून गुडघाभर पाण्यात, दोन्ही हातांनी होडीची शेपटी धरून.

दोरी ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्या खेपेला ती पेटली. फोनच्या एवढ्याशा तुकड्यातूनही असा कर्कश आवाज आला की आमच्या शेजारच्या बाळाने भोकाड पसरलं. होडी ओढ घेऊ लागली. भाच्याने मान न वळवता ओरडून सांगितलं, "सोडा!"

आजोबांनी सोडली नाही. डोळे मिटून उभे होते.

दुसऱ्यांदा सांगितल्यावर सोडली.